टॅब्लेटने पीसीचं नेमकं काय हिरावलं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

टॅब्लेट, पीसी आणि गेमिंग या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता, फक्त शब्द वेगळे होते. असे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ‘टॅब आला, आता पीसी संपला’ असं जो तो सांगत होता. आज गेमिंग पीसी विकला जातो, साधा घरगुती पीसी मात्र कोणी विचारत नाही. असं का झालं? दुकानात कोणता माल भरावा? — दुकानदार, सातारा

पीसी संपला नाही. संपला तो घरातला ‘दुसरा पीसी’. आयपॅड ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत विक्रीला आला, तेव्हा जगभरात पीसीचा खप अजून चढताच होता. २०११ मध्ये तो साधारण ३६ कोटींवर पोचला आणि तिथून उतरणीला लागला. २०१३ या एका वर्षात तो जवळपास दहा टक्क्यांनी खाली आला. याच काळात टॅब्लेटचा खप शून्यातून वाढत २०१४ मध्ये सुमारे २३ कोटींपर्यंत गेला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की टॅबने पीसीला गिळलं असंच वाटतं.

पण घरात डोकावून पाहिलं तर वेगळं चित्र दिसतं. हॉलमधला जुना डेस्कटॉप कोणी फेकून दिला नव्हता. रेल्वेचं तिकीट, ईमेल, गाणी, व्हिडिओ ही कामं टॅबवर आणि पुढे फोनवर गेली. त्यामुळे डेस्कटॉप हळू चालतो ही तक्रारच उरली नाही. जो पीसी चौथ्या वर्षी बदलला जायचा तो सातव्या-आठव्या वर्षापर्यंत ओढला जाऊ लागला. ग्राहक गेला नव्हता, त्याची दुकानात यायची पाळी लांबली होती. खरा बळी पडलं ते नेटबुक, म्हणजे छोटा, स्वस्त लॅपटॉप. आसूसच्या ‘ई पीसी’ने २००७ मध्ये आणलेली ही लाट २०१३ उजाडेपर्यंत ओसरली. बारीक पडदा, कूर्मगती प्रोसेसर, वर किंमतही टॅबच्या आसपास. ते टिकणं शक्यच नव्हतं. त्यात ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढून टाकलं आणि बोटाने चालवायचा पडदा माऊसवाल्यांच्या गळ्यात मारला. नवा पीसी घ्यायला निघालेल्या अनेकांनी तेव्हा हात आखडता घेतला.

पुढे टॅबचं गणितही तसंच फिरलं. फोनचे पडदे साडेपाच-सहा इंचांचे झाले, सात इंची टॅबला काम उरलं नाही आणि चांगला टॅब पाच-सहा वर्षं सहज टिकू लागला. २०१९ पर्यंत टॅबचा खप साडेचौदा कोटींच्या आसपास उतरला. करोनाच्या काळात शाळा-ऑफिसं घरात आली आणि २०२१ मध्ये पीसीचा खप पुन्हा ३४-३५ कोटींपर्यंत उसळला. टॅब घरात असूनही लोकांनी पीसी घेतले, कारण टायपिंग, एक्सेल आणि एकाच वेळी चार खिडक्या उघडणं ही कामं टॅबवर नीट होत नाहीत.

गेमिंगचा पीसी यातून वाचला, कारण त्याच्या ग्राहकाला टॅबमध्ये पर्याय मिळत नाही. पंखा, वेगळं ग्राफिक्स कार्ड, बदलता येणारे भाग आणि माऊसची अचूकता या चारही गोष्टी टॅबकडे नाहीत.

मालाचं म्हणाल तर साधा घरगुती पीसी ऑर्डरशिवाय बांधून ठेवू नका. पैसे सुट्या भागांत गुंतवा. ५०० जीबीच्या एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण), साटा आणि एनव्हीएमई दोन्ही प्रकारच्या. डीडीआर-४ रॅमच्या ८ आणि १६ जीबीच्या पट्ट्या. डीडीआर-३ मोजक्याच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला, त्यामुळे जुने पीसी घेऊन लोक येत आहेत. त्यांच्याशी बोलताना सुरुवातीलाच प्रोसेसरची पिढी बघा. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची असेल आणि बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करता येत असेल, तर विंडोज ११ अधिकृतपणे बसतं. तिथे एसएसडी-रॅम विका आणि ग्राहकाचे तीस हजार वाचवा, तो पुन्हा तुमच्याकडेच येईल. पिढी त्याआधीची असेल तर विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटची वाढीव योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, हे आधीच स्पष्ट सांगा. विकून झाल्यावर सांगू नका.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. अभ्यास आणि थोडं गेम यासाठी वीस-पंचवीस हजारांत टॅब घ्यावा की पीसी? सात-आठ हजारांचे टॅबही दिसतात, ते चालतील का? — पालक, सांगली

सात-आठ हजारांचा टॅब घेऊ नका. ‘आकाश’ टॅब्लेट आठवत असेल. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने मोठ्या उमेदीने आणलेल्या त्या टॅबला २५६ एमबी रॅम होती, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा होता आणि पडदा असा की नख दाबून टेकवावं लागे. पुढच्या आवृत्तीत आयआयटी मुंबईने लक्ष घातलं, पडदा सुधारला, प्रोसेसरही वाढला. हेतू मोलाचा होता, पण मुलांच्या हातात पहिल्यांदा आला तो अडखळणारा पडदा, आणि तोच लक्षात राहिला. आजच्या अगदी स्वस्त टॅबमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. पडदा बरा असतो, पण रॅम ३-४ जीबी आणि साठवण ईएमएमसी प्रकारची, म्हणजे धीमी. मुलगा पीडीएफ उघडी ठेवून व्हिडिओवर जातो, परत येतो, तर पीडीएफ पहिल्या पानापासून पुन्हा उघडते. दहा मिनिटांत तीनदा असं झालं की वैताग येणारच.

टॅबच घ्यायचा तर किमान ६ जीबी रॅम, १२८ जीबी यूएफएस (म्हणजे वेगवान) साठवण, दहा ते अकरा इंची पडदा, आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार हे खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर लिहिलेलं बघून घ्या. ‘वाइडवाइन एल-१’ (व्हिडिओची चोरी रोखणारी सोय) आहे का तेही विचारा. नसेल तर पडदा कितीही चांगला असला तरी चित्रपटांच्या अनेक ॲपवर चित्र अंधुकच दिसतं.

पण नववीच्या मुलासाठी आमचा कौल पीसीला. पुढे कोडिंग, प्रोजेक्ट, टायपिंगची परीक्षा आहे, आणि ही सगळी कामं कीबोर्डवरची आहेत. पंचवीस हजारांत खात्रीच्या दुकानातून आठव्या-नवव्या पिढीचा वापरलेला ऑफिस डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि मॉनिटर एवढं बसू शकतं. बिल आणि किमान सहा महिन्यांची हमी लेखी घ्या.

प्रश्न : आयपॅडवर बीजीएमआय हा नेमबाजीचा गेम खेळतो. सुरुवातीला एकदम सुरळीत चालतं. वीस मिनिटांनी अडखळायला लागतं, पडदाही आपोआप मंद होतो. उन्हाळ्यात तर खेळणंच अशक्य. आयपॅड बिघडला आहे का? — वाचक, नागपूर

बिघडलेला नाही, तो स्वतःला वाचवतो आहे. आयपॅड वापरायचं तापमान कंपनीने ० ते ३५ अंश सेल्सिअस दिलं आहे. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात आणि कूलर नसलेल्या खोलीत दुपारी ३८-४० सहज. म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच तुम्ही मर्यादा ओलांडलेली असते.

आयपॅडमध्ये पंखा नसतो. प्रोसेसरची उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात जाते आणि पत्र्यावरून हवेत. पत्रा गार असतो तोवर तो उष्णता शोषतो, म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं मजेत जातात. पत्रा भरला की प्रोसेसर वेग कमी करतो, मग पडद्याचा उजेड कमी होतो, मग चार्जिंग थांबतं. शेवटी तापमानाची सूचना दाखवून टॅब खेळच बंद करतो. पीसीत हीच उष्णता पंखा सतत बाहेर फेकत असतो, म्हणून तिसऱ्या तासालाही वेग तोच राहतो. टॅब आणि पीसीच्या गेमिंगमधला सगळ्यात मोठा फरक हा आहे, आणि जाहिरातीत तो कधी दिसत नाही.

पहिलं काम, खेळताना मागचं कव्हर काढा. जाड रबरी कव्हर म्हणजे उन्हाळ्यात घोंगडी पांघरण्यासारखं. दुसरं, चार्जर लावून खेळू नका. चार्जिंगची उष्णता आणि खेळाची उष्णता एकाच पत्र्यावर येते. ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करा, काढा, दहा मिनिटं थांबा, मग खेळा. तिसरं, ग्राफिक्स ‘स्मूथ’ ठेवा आणि फ्रेम रेट ‘एक्स्ट्रीम’, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम. ग्राफिक्स ‘एचडीआर’वर नेलं की उष्णता वाढते आणि पळत्या शत्रूवर नेम धरताना त्याचा काहीच उपयोग होत नाही. ९० फ्रेमचा पर्याय दिसत असला तरी उन्हाळ्यात ६० वरच थांबा. स्थिर ६० हे डळमळत्या ९० पेक्षा हाताला चांगलं लागतं. चौथं, उजेड निम्म्यावर आणा आणि टॅब गादीवर ठेवू नका, लोखंडी किंवा लाकडी स्टँडवर उभा ठेवून समोर टेबलफॅन लावा. बर्फ, ओलं फडकं, फ्रिज यांपैकी काहीही करू नका. आत दमट हवेचं पाणी धरतं.

आणखी एक तपासणी आजच करा. टॅब काचेच्या सपाट टेबलावर पाठीवर ठेवा आणि कोपऱ्यांवर बोटाने हलकं दाबा. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा नसूनही तो डुलत असेल, किंवा पडद्याची कड कुठे उचलल्यासारखी दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणी चार्जिंग बंद करा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. कड दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका.

प्रश्न : टॅबवर खेळणाऱ्याला फोनवाल्यापेक्षा जास्त दिसतं म्हणतात. खरं का? — वाचक, ठाणे

खरं आहे. आजचे फोन लांबट, २०:९ च्या आसपास. आयपॅडचा पडदा ४:३ च्या आसपास, त्यामुळे वर-खाली जास्त दृश्य दिसतं. बहुतेक अँड्रॉइड टॅब १६:१० चे असतात, त्यांत हा फायदा कमी. स्पर्धेत उतरणार असाल तर नियमावली आधी वाचा, अनेक स्पर्धांत टॅब चालत नाही आणि सरावाचा हात तिथे चुकतो. फोनवर ‘आयपॅड व्ह्यू’ करून देणारी ॲप टाकू नका. ती गेमच्या फायलींत ढवळाढवळ करतात आणि खातं कायमचं बंद होऊ शकतं. पीसीवर एम्युलेटर (फोनचे गेम पीसीवर चालवणारा प्रोग्राम) लावून बीजीएमआय खेळण्यातही हाच धोका आहे.

प्रश्न : घरी चांगला गेमिंग पीसी आहे, पण तो वडिलांच्या खोलीत. पीसीवरचे गेम दुसऱ्या खोलीत टॅबवर खेळता येतील का? करून पाहिलं, चित्र सारखं फाटतं. — विद्यार्थी, पुणे

येतात, आणि टॅबचा गेमिंगसाठी सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे असं आम्हाला वाटतं. गेम पीसीवर चालतो, टॅब फक्त चित्र दाखवतो आणि तुमची बटणं पीसीकडे पोचवतो. टॅब तापत नाही आणि महागडा टॅबही लागत नाही.

चित्र फाटण्याचं कारण दहापैकी आठ घरांत एकच असतं, पीसीसुद्धा वाय-फायवर असतो. मग प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते, पीसीपासून राउटरपर्यंत आणि राउटरपासून टॅबपर्यंत. म्हणून सुरुवात केबलपासून करा. पीसी ते राउटर कॅट-६ ची केबल टाका. पंधरा मीटर लागली तरी चालेल, भिंतीच्या कडेने पट्टीत घालून न्या. मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ गीगाहर्ट्झचं जाळं वेगळ्या नावाने चालू करा आणि टॅब त्यालाच जोडा. तुमचा राउटर फक्त २.४ गीगाहर्ट्झचा असेल तर आधी तो बदला, बाकी सगळी खटपट वाया जाईल. ब्लूटूथही २.४ वरच चालतं, त्यामुळे कंट्रोलर जोडला की दोघं एकमेकांच्या पायात येतात आणि बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदाने पात्र उडी मारतं.

आता पीसीवर स्टीम हे गेमचं ॲप उघडा, सेटिंग्जमध्ये ‘रिमोट प्ले’ चालू करा. टॅबवर ‘स्टीम लिंक’ ॲप टाका. दोन्ही यंत्रं एकाच राउटरवर असतील तर पीसीचं नाव दिसेल. टॅबवर चार आकडी पिन येईल, ती पीसीवर टाका. सुरुवात ७२० पी आणि १० मेगाबिटपासून करा. दहा मिनिटं सुरळीत गेली की १०८० पी आणि २० मेगाबिट करा. हा सगळा डेटा घरातल्या घरात फिरतो, इंटरनेटचा कोटा खर्च होत नाही.

पीसीचं नाव दिसलंच नाही तर दोन ठिकाणी बघा. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, कारण पब्लिकमध्ये फायरवॉल दार उघडत नाही. आणि राउटरवर ‘एपी आयसोलेशन’ किंवा गेस्ट नेटवर्क चालू असेल तर एकाच घरातली यंत्रं एकमेकांना ओळखत नाहीत, ते बंद करा. पीसीची स्लीपही बंद ठेवा. कंट्रोलर आयपॅडला ब्लूटूथने जोडता येतो, एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन दोन्हीचे २०१९ पासून चालतात.

वेगवान नेमबाजीचे गेम मात्र असे खेळू नका. सगळं नीट बसलं तरी थोडा उशीर होतोच. शर्यत, कोडी, कथाप्रधान गेम, क्रिकेट, फुटबॉल उत्तम चालतात.

प्रश्न : सायबर कॅफेत बारा जुने पीसी धूळ खात आहेत. गिऱ्हाईक तुटलं. टॅब ठेवले तर मुलं येतील का? — कॅफे मालक, कोल्हापूर

टॅब ठेवू नका. पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यासाठी तासाला पैसे कोण देईल? घरी जे परवडत नाही तेच ठेवा. बारा जुन्यांच्या जागी सहा चांगले पीसी, १४४ हर्ट्झचे मॉनिटर, बरा कीबोर्ड-माऊस. व्हॅलोरंटसारख्या गेमला फार भारी कार्ड लागत नाही, आणि त्याचे सर्व्हर मुंबईत असल्याने कोल्हापुरातून फायबरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) चांगला मिळतो. इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या घ्या. सामना मध्येच तुटला की तो गट परत येत नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू लागतात, जुने बोर्ड इथेच अडतात.

वीज आणि उष्णता यांचा हिशेब आधी करा, बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. मॉनिटर धरून एका पीसीला ४०० वॅट धरा. सहा पीसींना २.४ किलोवॅट, दहा तासांना २४ युनिट. तेवढीच उष्णता खोलीत साठते. सहा माणसांची प्रत्येकी शंभर वॅट मिळवली तर तीन किलोवॅट झाली. एक टन एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो, भिंतींचं ऊन धरलं तर दीड टन घ्या. एसीला वेगळी लाइन, पीसींना प्रत्येकी तीनचा गट करून स्वतंत्र एमसीबी, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. जुन्या कॅफेच्या एका एक्स्टेंशन बोर्डवर चार पीसी असायचे, ते आता चालणार नाही.

प्रश्न : डीटीपी आणि हिशेबाचं काम करते. पीसी काढून कीबोर्डवाला टॅब घेऊ का? — वाचक, अहिल्यानगर

नको. मराठी फाँटांची श्रीलिपी आणि हिशेबाची टॅली विंडोजवरची आहेत, अँड्रॉइड टॅब किंवा आयपॅडवर ती बसत नाहीत. तुमच्या जुन्या फायली त्या फाँटांत अडकल्या आहेत, युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं तुटतात आणि प्रत्येक पान पुन्हा वाचावं लागतं. ग्राहकाला प्रूफ दाखवायला टॅब छान, काम पीसीवरच.

प्रश्न : लिलावात मिळालेला चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा ब्रँडेड ऑफिस पीसी आहे, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. पंधरा हजार आहेत. गेमसाठी टॅब घेऊ की यात ग्राफिक्स कार्ड टाकू? — वाचक, लातूर

या पीसीवर खर्च करा, पण कार्ड आणायला आधी धावू नका. पहिले पैसे एसएसडीला. हार्ड डिस्कवर गेम उघडायला लागणारा वेळ आणि खेळताना बसणारे झटके त्यानेच जातात. बायॉसमध्ये साटाचा प्रकार ‘एएचसीआय’ करून मग विंडोज नव्याने टाका. रॅम एकच ८ जीबीची पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा, दोन पट्ट्यांनी प्रोसेसरला दुप्पट रुंद रस्ता मिळतो.

आता कार्ड. कॅबिनेट सडपातळ असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, ‘लो प्रोफाइल’ पट्टीचं लागतं. म्हणून आधी झाकण उघडा आणि मागची पट्टी मोजा. मग एसएमपीएसवरचा (वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा) कागद वाचा. ब्रँडेड ऑफिस पीसीत तो अनेकदा २४० वॅटच्या आसपासचा असतो आणि त्याचे प्लग वेगळे असल्याने बाजारातला बदली बसत नाही. हिशेब असा : प्रोसेसर ८४ वॅट, बोर्ड-डिस्क-पंखे चाळीस, आणि कार्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट. बेरीज दोनशेच्या घरात. म्हणून ज्याला वेगळा वीजप्लग लागत नाही असंच कार्ड घ्या. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेलं किंवा आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती. यापेक्षा मोठं कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. इंटेलचं आर्क कार्ड स्वस्तात मिळालं तरी या बोर्डावर नको, त्याला लागणारी ‘रिसायझेबल बार’ ही सोय इतक्या जुन्या बोर्डात नसते आणि कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही.

तुमचं नशीब एका बाबतीत बरं आहे. चौथ्या पिढीत ‘एव्हीएक्स-२’ हा प्रोसेसरच्या आज्ञांचा संच आहे, तिसऱ्या पिढीत नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय उघडतच नाहीत.

वापरलेलं कार्ड घेत असाल तर दुकानातच वीस मिनिटं गेम चालवून बघा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे आले, किंवा पंखा अडखळला, तर घेऊ नका. घरी बसवल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका, बहुतेक वेळा मॉनिटरची केबल सवयीने बोर्डालाच लावलेली असते. ती कार्डाला लावा. मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए प्लगचा असेल तर नव्या कार्डावर ते भोकच नसतं. त्यासाठी एचडीएमआय ते व्हीजीए असा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तो कार्डाबरोबरच आणा, नाहीतर कार्ड हातात असून रविवार वाया जातो.